तक्रार निरंक

रेवस, १४ ऑक्टोबर २०२४

कल्पिता,

चिरंजीव, सौभाग्यवती वगैरे लिहीत नाही. तुला माझे आशीर्वाद नको असतील तर ते पाकिटातच राहू देत, पण पत्र वाच. तीन वर्षं फोन करतेय, एकदा वाजतो आणि बंद. तू माझा नंबर अडवून ठेवलायस एवढं कळतं मला, मी अगदीच अडाणी नाही. पत्ता परेशने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. कंटेनर घेऊन बंदरावर निघाला होता, मी गाडीपुढे उभी राहिले, तेव्हा कुठे तुझ्या भावाने पत्ता सांगितला.

काम असं, की तुझ्या बाबाचा, आमच्या दयाचा, पाय बरा दिसत नाही.

गेल्या महिन्यात तळ्यातले जिताडे बघायला बांधावर गेला. भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीच्या दगडांवर कालवं किती धारदार असतात ते तुला सांगायला नको, लहानपणी तूही तळवा कापून घेतलायस. दयाच्या तळव्याला कालवाची धार लागली. मला सांगितलं नाही. शुगर आहे, चप्पल घाल म्हणून मी ओरडून ओरडून थकले, तर म्हणतो, "ताय, आगऱ्याचा पाय हाय, मिठात मुरलाय, त्याला काय व्हतंय." पाय सुजून भोपळा झाला तेव्हा सहा तारखेला आपल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. नऊ तारखेला घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी! जखम अजून पाणी सोडत होती. मी म्हटलं, अहो, राहू द्या आठवडाभर. तर काउंटरवरचा तो भावेश म्हणतो, "मावशी, पॅकेज तीन दिवसांचंच आहे. घरीच लवकर बरं होतं माणूस."

आणि बाहेर दारावर ही मोठी पाटी. सरासरी मुक्काम दोन पूर्णांक आठ दिवस. तीस दिवसांत परत दाखल झालेले, शंभरात दोन. घरी गेल्यावर प्रकृती उत्तम, शंभरात अठ्ठ्याण्णव. वर पाच तारे. खाली बारीक अक्षरात तुझ्या कंपनीचं नाव. परेशला विचारलं, तो म्हणाला, हो, ताई तेच काम करते, कुठल्या दवाखान्यात कमी खर्चात चांगलं काम होतं ते मोजते.

मी तीस वर्षं सरकारी नर्स होते, कल्पिता. शंभरात अठ्ठ्याण्णव तर देवळातले नवससुद्धा पुरे होत नाहीत. पाणी कुठेतरी मुरतंय.

मध्ये उठावं लागलं. फोन आला होता. माझा फोन म्हणजे चावडी झालीय. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी सगळीकडे माझाच नंबर देऊन ठेवलाय, बँक म्हणू नको, रेशन म्हणू नको. कोणी मुलगी होती, गोड बोलत होती, चार शब्द बोलून ठेवून दिला. त्यातच दयाने हाक मारली, पट्टी परत भिजली होती. ती बदलून आले.

जखमेची कड काळी पडायला लागलीय. तुझ्या ऑफिसात विचार, हे अठ्ठ्याण्णव कोण. मला एक तरी दाखव.

कमळआत्या

*

रेवस, २८ ऑक्टोबर २०२४

कल्पिता,

उत्तर नाही. बरं. मी पोस्टमनला विचारलं, पत्र गेलंय म्हणतो. मग तूच मिठाची गुळणी धरून बसलीयस.

आज वसुबारस. दारात पणती लावली आणि लिहायला बसले, कारण सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. दयाला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंठिक्कर पडलंय. वास येतोय. मला तो वास माहीत आहे. भावेशने मशीनवर नाव घातलं आणि म्हणाला, "यांची नोंद तर उत्तम आहे, मावशी. दाखल कशाला?" मी म्हटलं, बाबा, नोंद बघू नकोस, पाय बघ. डॉक्टर आतून आला, पोरगेलासा. त्यानेही आधी मशीनमध्ये डोकं घातलं आणि मग पायाकडे लांबून बघितलं. ड्रेसिंग केलं, गोळ्या बदलल्या. निघताना भावेश हळूच म्हणाला, "आठ तारखेनंतर आणा ना. तेव्हा बेडही मिळेल."

आठ तारखेनंतर का? रिक्षात बसल्यावर मी बोटांवर दिवस मोजले. नऊ ऑक्टोबरला सोडलं, आठ नोव्हेंबरला तीस दिवस होतात. त्याच्या आत दया परत दाखल झाला तर पाटीवरचा तारा पडतो! चोराच्या मनात चांदणं. माझ्या डोळ्याला डोळासुद्धा भिडवत नव्हता मेला.

घरी आले ती तशीच फिरले. बुधाजीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याला परत कधी घेतलं? तेहतिसाव्या दिवशी. वरच्या आळीतला सदू, दम्याचा, बत्तिसाव्या दिवशी. मधले दिवस दोघं घरी कण्हत पडले होते. आता बोल.

तू म्हणशील खर्च आटोक्यात ठेवावा लागतो. ठेवा की. कोणी नको म्हटलंय? उगाच माणसाला पंधरा दिवस सलाईन लावून लुटणारे दवाखानेही मी पाहिलेत. पण तुम्ही मुंबईत बसून फूटपट्टी पाठवता आणि इथले लोक त्या फूटपट्टीच्या मापाचे पेशंट कापतात. तुम्हाला कळत नसेल तर तुम्ही मूर्ख आणि कळत असेल तर त्यांचे भागीदार. मला तर दुसरंच वाटतं. तुला ही नोकरी कशी लागली, पगार कोण देतं, मला माहीत नाही. राग येऊ दे.

तुझ्या आईच्या, नलूवहिनीच्या वेळेस जे झालं ते झालं. ते मी आता उकरत नाही, तूही उकरू नकोस. हा तुझ्या बापाच्या पायाचा प्रश्न आहे.

कमळआत्या

*

रेवस, १३ नोव्हेंबर २०२४

कल्पिता,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तीन ओळींची नोटीस. "आत्या" एवढा एक शब्द सोडला तर बाकी सगळं टाइप केलेलं. तरी तीनदा वाचलं.

तू लिहितेस, तीस दिवसांच्या गोष्टीची चौकशी लावलीय, बुधाजी आणि सदूच्या तारखा बरोबर निघाल्या. बघ, सांगितलं होतं की नाही? म्हातारीचं नाक अजून शाबूत आहे.

पण पुढे लिहितेस, बाबांच्या नावावर १४ ऑक्टोबरला विचारपुशीचा फोन लागला होता, तो घरच्यांनी उचलला, आणि जखम बरी, ताप नाही, तक्रार नाही असं सांगितलं. म्हणून नोंद उत्तम. आणि कोणी "बरं नाही" म्हणालं असतं तर दोन दिवसांत डॉक्टर घरी पाठवायची सोय आहे, पैसे न घेता, पुन्हा दाखल करायलाही हॉस्पिटलला नाही म्हणता येत नाही.

हे साफ खोटं आहे. दयाकडे फोन नाही. होता तो तळ्यात पडला. परेश त्या दिवशी बंदरावर रांगेत होता. मग कोणी उचलला? मला विचारशील तर कोणी फोन केलाच नाही. भावेशने आत बसून स्वतःच भरलंय. नाहीतर कुणाला तरी घरचा माणूस म्हणून बोलायला उभं केलंय. नीराबाईचा नातू त्या हॉस्पिटलात झाडूपोछ्याला जातो, त्याचा आवाज घोगरा आहे, त्याच्यावर माझा संशय आहे.

तू लिहितेस, सगळे फोन नोंदवलेले असतात, आवाजासकट. मग ऐकव ना! परेशच्या फोनवर पाठव. या गावातला प्रत्येक आवाज मी ओळखते. बाळंतपणात ओरडणाऱ्या बायका मी भिंतीपलीकडून ओळखलेल्या आहेत. नाव सांगते तुला, मग धर त्याला.

दया बरा आहे. परेशने त्याला पाच तारखेला सरळ पनवेलला नेलं, तिथे दोन बोटं काढावी लागली, आता धोका नाही. उद्या-परवा घरी येईल. तू काळजी करू नकोस, कामं सोडून यायची गरज नाही.

आवाज तेवढा पाठव.

कमळआत्या

*

रेवस, २६ नोव्हेंबर २०२४

कल्पी,

आवाज आला. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी परेश घरी आला, ओटीवर बसला, म्हणाला, "आत्या, ताईने पाठवलंय. तू एकटीच ऐक." फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या दारी निघून गेला. त्याने आधी ऐकलं असणार.

ती गोड मुलगी विचारते, दयाराम यांची जखम कशी आहे. बाई म्हणते, बरी आहे. ताप? नाही हो. औषधं मिळतात? मिळतात, सगळं छान. काही तक्रार? बाई म्हणते, तक्रार निरंक. आणि त्या बाईच्या मागून दया ओरडतो, "अगो ताय, पट्टी परत ओली झायली!" बाई म्हणते, ठेवते हं, आणि ठेवते.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच वाटलं, ही कोण? किती निर्लज्ज. मग निरंक ऐकलं, आमच्या सरकारी अहवालातला शब्द. या पंचक्रोशीत निरंक म्हणणारी दुसरी कोण आहे?

तुला पत्र लिहितानाच तो फोन आला होता. पहिलं पत्र काढून बघ, मी स्वतःच लिहिलंय. एका हाताने तुला लिहीत होते की जखम काळी पडतेय आणि उठून दुसऱ्या हातात फोन घेऊन सांगत होते, छान आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला आठवलंही नाही, कल्पी. शपथेवर सांगते. पुढच्या पत्रात मी भावेशला चोर म्हटलं, नीराबाईच्या नातवाला चोर म्हटलं, तुलाही म्हटलं.

त्या आवाजाखाली तू लिहिलंस, या एकाच नंबरवरून दीड वर्षात एकतीस जणांची विचारपूस झाली, एकतीसही उत्तम. बुधाजी, सदू, सगळे. तुमच्या मशीनला संशय यायला हवा होता, पण आला नाही, उलट तारे वाढले, असंही तू लिहिलंस. आपली चूक तू लिहून दिलीस. मग आता मीही लिहिते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका पाड्यावर जुलाबाची साथ आली. मी अहवालात खरा आकडा लिहिला, सतरा. मला वाटलं औषधं येतील. आले ते साहेब, जीप घेऊन. तुमच्याच केंद्रात कशी साथ येते, म्हणून सगळ्यांदेखत झापलं आणि महिनाभरात माझी बदली म्हसळ्याला. आई इथे अंथरुणावर, दया शाळेत, आणि मी दोन वर्षं डोंगरापलीकडे. तिथे जुन्या बाईने पहिल्या दिवशी शिकवलं, निरंक लिहायचं, निवांत जगायचं. पुढची सव्वीस वर्षं मी ते केलं. पावसात पाड्यावर गेले नाही तरी निरंक. रांगेत उभं करून कोणी विचारलं, काही अडचण? निरंक. नोकरी सुटली, ती सवय सुटली नाही. कोणी परक्याने विचारलं, की तोंडातून तेच येतं. वरून गावाची रीत अशी, की दुखणं बोललं की वाढतं. मरणाऱ्यालाही विचार, बरा हाय म्हणेल.

आणि नलूवहिनी.

मीच म्हटलं होतं उकरू नकोस, कारण तिथे माझंच हाड पुरलंय. तू हॉस्टेलवर होतीस, शेवटची परीक्षा होती. रोज फोन करायचीस. मी रोज म्हणायचे, आई बरी आहे, झोपलीय, आता उठवत नाही. ती झोपलेली नसायची. तुझं नाव घेत असायची. मला वाटत होतं तुझा पेपर वाचवतेय. शेवटच्या दिवशीही सकाळी मी तेच म्हणाले आणि तू दुपारचा पेपर दिलास. तू आलीस तेव्हा तिला हळद लावून ठेवली होती. तू मला काही बोलली नाहीस. त्या दिवसापासून बोलली नाहीस.

ती विचारपुशीच्या फोनची सोय तू भांडून घालून घेतलीस, असं परेश म्हणाला. ऑफिसातले नको म्हणत होते, खर्च वाढतो म्हणून. तू म्हणालीस, घरी काय चाललंय ते विचारल्याशिवाय दर्जा कसला मोजता. तू माझ्यासारख्या बायकांना पकडायला जाळं लावलंस आणि मी त्याच जाळ्यात बसून सगळ्या गावाचं बरं आहे, बरं आहे करत राहिले.

आता पुढचं ऐक आणि बसून वाच.

गेल्या पत्रात मी दोन बोटं लिहिलं. तेही खोटं. सात तारखेला पनवेलला गुडघ्याखालून पाय कापला. मी ते लिहायला बसले होते, खरंच बसले होते, आणि हाताने दोन बोटं लिहिलं. परेशला दयाने तुझ्या आईची शपथ घातलीय, म्हणून तो बोलला नाही. डॉक्टर म्हणाला, दोन आठवडे आधी आणला असता तर पाय राहिला असता. मी दिवस मोजले. तू पाठवलेला डॉक्टर सोळा ऑक्टोबरला दारात आला असता.

या चार दिवसांत एकतीस घरं फिरले. प्रत्येकाला समोर बसवून खरं काय ते विचारलं आणि लिहून घेतलं, अंगठे आणि सह्यांसकट. सोबत जोडलंय. तुझ्या ऑफिसला दे, चौकशीत ठेव. माझं नाव वर घातलंय, झाकू नकोस. भावेशने आठ तारखेचं सांगितलं तेही त्यात आहे, त्याला मी सोडलेलं नाही. नीराबाईच्या नातवाच्या घरी जाऊन माफी मागितली. पोरगं घाबरलंच, त्याला काही माहीतच नव्हतं.

काल परत त्या मुलीचा फोन आला, नीराबाईसाठी. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. जीभ वळलीच होती बघ. तोंड दाबलं, म्हटलं, बाळ, थांब, फोन ठेवू नकोस, मी तिच्या घरी जाते. चालत गेले, नीराबाईच्या कानाला फोन लावला. आणि ती काय म्हणाली असेल? "बरी हाय गो पोरी. तू जेवलीस का?" पोटाचे टाके पिकलेत, उठवत नाही, आणि बरी हाय! मी फोन खेचून घेतला आणि ओरडले, ती खोटं बोलतेय, टाक्यांत पू झालाय, ताप आहे, डॉक्टर पाठव. नीराबाई माझ्यावर अशी चिडली, म्हणाली, घरातलं परक्याला सांगतात का? पण आज सकाळी डॉक्टर आला, कल्पी. जीपने. दारात गाडी थांबली तेव्हा मी दाराआड झाले, जुनी सवय. तो कोणाला झापायला आला नव्हता. टाके उघडून धुतले आणि तिला घेऊन गेला. पंचविसावाच दिवस होता.

परवा दयाला घरी आणलं. ओटीवर बसतो, लुंगी पायावरून ओढून घेतो, आणि तळ्याकडे बघतो. जेवत नाही. काल परेश म्हणाला, ताईला फोन लावू का, तर म्हणाला, "लाव. पन सांग मी बरा हाय, कशाला दगदग करतेस." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताय, तिला खाडीचे जिताडे आवडायचे ना गं?"

तर हा माझा अहवाल. तुझा बाबा बरा नाही. मीही बरी नाही, सगळं घर बरं नाही. परेश फोन लावेल, दया बरा हाय म्हणेल, आणि मी मागून ऐकत असेन, कदाचित मीही हो म्हणेन, माझा भरवसा नाही. आमच्यापैकी कोणाचंही ऐकू नकोस. भाऊच्या धक्क्याहून लाँच पकड आणि स्वतः येऊन बघ.

कमळआत्या